दारूबंद जिल्ह्यातली फसफस

वर्धा जिल्ह्यात उजळ माथ्याने फसफसणारी वस्तू एकच, गोटी सोडा. बाकी जे जे फसफसतं, त्याच्या मागे पोलीस असतात. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे स्थानिक वर्तमानपत्रात अधूनमधून एक ठरलेला फोटो येतो. नाल्याकाठी जमिनीत पुरलेले ड्रम, त्यामागे ओळीने उभे शिपाई, आणि खाली मजकूर, की अमुक गावाच्या शिवारात एवढा-एवढा मोहा सडवा नष्ट करण्यात आला. या कामाला 'वॉश आऊट मोहीम' म्हणतात. सडवा म्हणजे भिजत घालून आंबवलेली मोहफुलं. त्याची दारू अजून झालेली नसते, ती गाळायची बाकी असते. तरी त्याला शिक्षा होते. पुरावा एकच, तो फसफसत होता.

अशा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला 'फसफस' या शब्दाबद्दल कौतुक कुठून वाटणार? आमच्याकडे वरण फसफसलं म्हणजे ते सकाळचं आहे आणि आता गाईला घालायचं आहे. लोणचं फसफसलं म्हणजे कोणीतरी ओला चमचा घातला, आणि तो कोणी घातला यावर घरात दोन दिवस चौकशी आयोग बसतो. फसफसणं हे आमच्याकडे नेहमीच काहीतरी बिघडल्याचं लक्षण राहिलं आहे.

म्हणून पुण्याहून भाचीचा फोन आला तेव्हा मी गडबडलो. ती एका जाहिरात कंपनीत शब्द लिहायच्या नोकरीला आहे. पुण्यात राहून तिचं 'मले' केव्हाच 'मला' झालं, पण अडलं की मामाच आठवतो.

"मामा, एक शब्द हवाय. कोल्ड्रिंकसाठी. बाटलीतल्या बुडबुड्यांनाही चालला पाहिजे आणि तरुण मुलांच्या उत्साहालाही. एकच शब्द हं. इंग्रजीत आहे."

इंग्रजीत आहे, हे खरं. तिकडे 'एफरव्हेसन्स' म्हणून एक लांबलचक शब्द आहे. तो बाटलीलाही लागतो आणि बाईच्या हसण्यालाही. त्याचं मूळ लॅटिनमधल्या उकळण्याच्या क्रियापदात आहे. म्हणजे त्या लोकांनी बुडबुडे पाहिले आणि त्यांना चुलीवरचं आधण आठवलं. आपल्याकडेही आनंदाच्या उकळ्या फुटतातच. मी ताबडतोब 'उकळी' सुचवला.

"चहा वाटतो मामा."

शिवाय वर्ध्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत कोणाला थंडगार बाटली दाखवून 'उकळी' म्हटलं तर तो बाटली नाही घेणार, तुमची गचांडी घेईल. 'उसळी' म्हणून पाहिलं. तिला सेन्सेक्स आठवला, मला तर्रीपोह्यावरची चण्याची उसळ. 'उधाण' म्हणावं तर आमच्यापासून समुद्र कुठल्या कुठे, आणि वर्धा नदीला जे येतं त्याला आम्ही पूर म्हणतो, त्यात कोणी उत्साहाने उतरत नाही. 'चैतन्य' हा शब्द खरा भारदस्त, पण त्या नावाचा प्रत्येक कॉलनीत एक मुलगा आहे आणि त्यातले बरेचसे दुपारी झोपलेले असतात.

राहता राहिला 'फसफस'. मी म्हटलं, अगं, फसफसच म्हण, अस्सल मराठी आहे.

"क्लायंट म्हणेल, आमचं प्रॉडक्ट नासलंय असं वाटतं."

क्लायंट पुण्याचा असला तरी त्याचा कान वऱ्हाडी निघाला.

तरी मला त्या शब्दाचा मोह सुटेना. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली मराठीचा कोश छापला, पुढे १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. त्या कोशात शेकडो शब्दांपुढे एक छोटीशी खूण आहे, की हा शब्द आवाजाच्या नकलेतून आला. खळखळ, धडधड, सळसळ, असे किती तरी. मला वाटतं, लिहून लिहून त्या साहेबाचे हात दुखले असतील. व्युत्पत्ती विचारावी तर मराठी माणूस संस्कृत सांगत नव्हता, फारसी सांगत नव्हता, सरळ तोंडाने आवाज काढून दाखवत होता. 'फसफस' त्याच घराण्यातला. भांड्यावरचं झाकण काढा, कान लावा, व्युत्पत्ती ऐकू येते.

या 'फ' आणि 'स'ची जोडी मात्र फार बेरकी आहे. त्यांच्यापासून मराठीने अख्खं खानदान उभं केलं. एखाद्या गावातल्या सार्वजनिक उपक्रमाचं चरित्र लिहायचं असेल तर दुसरी अक्षरं लागतच नाहीत. पहिल्या बैठकीत उत्साह फसफसतो. दुसऱ्या बैठकीत कोपऱ्यात फिसफिस सुरू होते. वर्गणीचा आकडा निघाला की बार फुसका निघतो. अध्यक्ष कोण, यावर सगळं फिसकटतं. शेवटी कार्यक्रम फुस्स होतो, आणि ज्याने आधीच मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिलेली असते तो फसतो. (भाषाशास्त्राचे लोक सांगतील की 'फसणे' वेगळ्या कुळातलं आहे. असेल. मांडववाल्याला आगाऊ रक्कम देणाऱ्याला विचारा, तो ते एकाच कुळातलं आहे असंच सांगेल.)

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्रजीत बुडबुड्यांच्या आवाजाला 'फिज' म्हणतात आणि बेत फुस्स झाला की तो 'फिझल' झाला म्हणतात. हा 'फिझल' शब्द सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये आला तेव्हा त्याचा अर्थ होता आवाज न करता वायू सोडणे. म्हणजे आपल्याकडे शाळेच्या शेवटच्या बाकावरून जी 'फुसकी' सुटते आणि सुटल्यावर सगळा वर्ग एकमेकांकडे न्यायाधीशासारखा पाहतो, तीच. दोन भाषांची एकमेकींशी गाठ पडायच्या किती तरी आधी, समुद्राच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या समाजांनी त्या एका घटनेसाठी 'फ' आणि 'स'चीच निवड केली होती. तुलनात्मक भाषाशास्त्राला वास येत नाही म्हणून, नाहीतर या विषयावर किती ग्रंथ झाले असते.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मी मीटिंगमध्ये आहे."

मग मी 'आंबणे'कडे वळलो. हा शब्द मला लहानपणापासून छळतो. इडलीचं पीठ आंबलं की ते फुगतं, वर येतं, भांड्याबाहेर डोकावतं. आणि माणूस आंबला की? "दिवसभर उभा राहून आंबून गेलो बा," असं म्हणत तो खाटेवर पडतो तो सकाळपर्यंत उठत नाही. क्रियापद एकच. पिठाला जो जोम देतं तेच माणसाचा जोम काढून घेतं. कापूस वेचून आलेल्या बाईचं अंग आंबतं आणि त्याच घरी तिने सकाळी भिजवलेलं पीठ आंबतं, आणि संध्याकाळी दोघांची गाठ पडते तेव्हा पीठ जास्त टवटवीत दिसतं. मराठीने हा अन्याय कधी दुरुस्त केला नाही.

पण 'आंबट'च्या कुळातला हा शब्द फसफशीच्या जवळ गेला तो उगीच नव्हे. सोडा जिभेला जो चावतो तो बुडबुडे फुटण्यामुळे, असा आपला सगळ्यांचा समज. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं की उंदराच्या जिभेवर कार्बन डायऑक्साइड ओळखायचं काम आंबट चव ओळखणाऱ्या पेशीच करतात. त्या पेशींजवळ एक विकर असतं, ते या वायूचं आम्ल करतं आणि जिभेला ते कळतं. ज्या उंदरांच्या आंबट ओळखणाऱ्या पेशी काढून टाकल्या, त्यांच्या जिभेला या वायूचा पत्ताच लागला नाही. म्हणजे सोड्याचा झटका हा मुळात आंबटपणाचा झटका. उंच डोंगरावर चढणारे गिर्यारोहक विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून एक गोळी घेतात. ती गोळी नेमकं तेच विकर बंद पाडते. शिखर सर करून हे लोक आनंदाने बाटली उघडतात, बुडबुडे दिसतात, फेस दिसतो, आणि तोंडात घेतलं की काहीच वाटत नाही. इतकं चढून जायचं आणि शेवटी शिळं पाणी. यांनी गोळी घ्यायच्या आधी एकदा वर्ध्याच्या उन्हाळ्यात उभं राहून गोटी सोडा प्यायला हवा होता.

'आंबणे' भाचीने नाव ऐकताच फेटाळला. 'गॅस'वर मात्र ती क्षणभर थांबली, कारण हा शब्द तिच्या ऑफिसातही चालतो. 'गॅस' हा शब्द यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या एका बेल्जियन वैद्याने सतराव्या शतकात घडवला. कोळसा जळताना आणि फळांचा रस आंबताना एकच अदृश्य काहीतरी निसटतं, हे त्याच्या लक्षात आलं. त्याला नाव द्यायचं म्हणून त्याने ग्रीक 'केऑस' उचलला, म्हणजे सृष्टीच्या आधीचा गोंधळ. त्याच्या बोलीत त्याचा उच्चार 'गॅस' झाला. पहिला ओळखलेला गॅस म्हणजे फसफशीचाच गॅस, आणि अर्थ गोंधळ. मराठीने तो शब्द घेतला आणि अर्थ न बिघडवता चालू ठेवला. घरात 'गॅस संपला' म्हटलं की गोंधळ, चौकात 'त्याचा गॅस झाला' म्हटलं की गोंधळ, आणि लग्नाच्या पंगतीनंतर मामेसासऱ्यांना 'गॅस झाला' की डॉक्टर बोलवायचा की ओवा, यावरून जो गोंधळ होतो तो सृष्टीच्या आधीच्या गोंधळाला मागे टाकतो. आमच्या जुन्या शास्त्राच्या पुस्तकात याच वायूचं नाव 'कर्बद्विप्राणिल' असं होतं. ज्या वायूत श्वास घेतला तर प्राण जातो, त्याच्या नावात प्राण एक नाही, द्वि. तो शब्द उच्चारेपर्यंत बाटलीतली फसफस संपत असे.

आता सोड्याकडे यायलाच हवं, कारण हा सगळा उद्योग त्याच्यापायी आहे.

पहिली गंमत म्हणजे सोड्यात सोडा नसतो. सुरुवातीला युरोपात झऱ्याच्या औषधी पाण्याची नक्कल करताना पाण्यात खायचा सोडा घालत, त्यावरून नाव पडलं. पुढे सोडा गेला, नाव राहिलं. ही पद्धत सरकारी समित्यांमध्ये पुष्कळ आढळते. १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली नावाचा पाद्री एका दारूभट्टीच्या शेजारी राहायला आला. भट्टीतल्या फेसाळणाऱ्या हौदांवर एक वायू तरंगत असतो, हे त्याने पाहिलं, आणि त्या वायूत पाणी वरखाली ओतून पाहिलं. पाण्याला झटका आला. १७७२ साली त्याने यावर पुस्तिका छापली. म्हणजे जगातला पहिला सोडा दारूभट्टीवरच्या वाफेत जन्मला. हे वर्ध्यात फारसं कोणाला सांगू नये. आमच्याकडे जे एकमेव निर्दोष पेय उरलं आहे त्याचं कुळ उघडं पडेल.

शिवाय मराठीत 'सोडा' हे आज्ञार्थी क्रियापदही आहे. यामुळे जी अडचण झाली ती जगातल्या इतर कुठल्याही भाषेला समजणार नाही. भिंतीवर रंगवलेलं असतं, 'दारू सोडा'. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध. वाचणाऱ्याचा हेतू ज्याचा त्याचा. मधे एक आडवी रेघ दिली की उपदेशाचं मेनूकार्ड होतं. व्यसनमुक्तीच्या फेरीत पोरं घोषणा देत चालली की रस्त्याकडेचा एखादा म्हातारा हमखास विचारतो, "कुठं भेटते?" पुलगावच्या पुलापलीकडे अमरावती जिल्हा लागतो आणि तिथे कायदा वेगळा आहे, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

गांधीजींनी १९३२ साली येरवड्याहून ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना प्राणांतिक उपोषणाचं पत्र लिहिलं. त्यात त्यांनी स्पष्ट केलं होतं की अन्न काही घेणार नाही, पाणी तेवढं घेईन, त्यात मीठ आणि सोडा असो वा नसो. तो खायचा सोडा. तरी आमच्या गल्लीतल्या गोटी सोडेवाल्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पुढच्याच आठवड्यात हातगाडीवर बापूंचं चित्र लावलं. त्याला म्हटलं, अरे, तो वेगळा सोडा. तो म्हणाला, "नाव तं एकच आहे ना भाऊ."

फसफशीविरुद्धची सगळ्यात सभ्य लढाई मात्र वर्ध्याच्या मगनवाडीत झाली. डिसेंबर १९३४ मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. जागा जमनालाल बजाजांनी दिली. गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला जाण्याआधी इथेच राहत. हातकागद, तेलघाणी, मधमाश्या, आणि त्यात एक उद्योग ताडगुळाचा. ताड-शिंदीच्या झाडातून पाझरणारी नीरा पहाटे गोड असते. ऊन चढलं की तिच्यात यीस्ट कामाला लागतं, ती फसफसते आणि दुपारपर्यंत ताडी होते. म्हणजे सकाळी संस्कार, दुपारी गुन्हा, झाड तेच. यावर उपाय म्हणजे मडक्याला आतून चुना लावायचा, आंबणं लांबवायचं, आणि नीरा लवकर कढईत ढकलून गूळ करायचा. सगळा खेळ सूर्याशी शर्यत लावायचा. बुडबुडा यायच्या आत पोचायचं. मला वाटतं, आमच्या जिल्ह्याचा स्वभाव तिथेच ठरला. आजही वर्ध्याचा पाहुणा परत जाताना काय नेतो? गोरसपाक. गाईच्या तुपातलं, खुसखुशीत, कोरडं, आणि एक बुडबुडा नसलेलं.

या सगळ्या शिस्तीतून निसटली ती गोटी. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. जाड हिरवट काच, मानेला चिमटा काढल्यासारखी खाच, आत काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची गोल चकती. बाटली उलटी करून भरतात. सरळ केली की आतला वायू गोटीला वर ढकलून रबरावर दाबून धरतो. म्हणजे बाटलीचं बूच बाटलीतल्या गॅसनेच लावलेलं असतं. कैद्यालाच तुरुंगाचा दरवाजा धरून उभं केलं आहे. अंगठ्याने किंवा लाकडी गुट्टीने गोटी आत दाबली की 'टुँक' आणि मागोमाग एक लांब, समाधानी फुस्स. इंग्लंडने या बाटल्या केव्हाच सोडून दिल्या. जपानात 'रामुने' नावाचं पेय अजून याच बाटलीत मिळतं, आणि उत्तर प्रदेशातल्या सासनीला त्या अजून बनतात. एके काळी दंगल झाली की वर्तमानपत्रात पहिल्या ओळीत 'सोडावॉटरच्या बाटल्या फेकण्यात आल्या' असं यायचं. पिऊन झाल्यावर फेकल्या की आधी, हे बातमीदार लिहीत नसत. भरलेली बाटली फेकणारा माणूस खरा संतापलेला समजावा.

बाटली फोडून गोटी काढायची हा माझ्या पिढीचा एकमेव गुन्हा, आणि त्यातही फसवणूक होती, कारण ती गोटी खेळायच्या गोट्यांपेक्षा जड असते, नेमाला कधी लागत नाही.

पण वर्ध्यात फसफसलेलं काहीच नाही असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच तो ठराव केला, की इंग्रजांची सत्ता संपलीच पाहिजे. पुढच्या महिन्यात मुंबईत त्याला 'भारत छोडो' हे नाव मिळालं, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीने १६ ऑगस्टला पोलिसांच्या गोळ्या झेलून त्याची किंमत मोजली. ते बुडबुडे नव्हते. चरखा, मीठ नसलेली भाजी, प्रार्थना, मौन असं सगळं शांत शांत चाललेल्या गावातून हे निघालं. इतकी वर्षं गोटी आतून दाबून धरलेली होती, एवढंच मी म्हणेन.

एमिल दुर्खीम नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ साली धर्मावर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने माणसं एकत्र जमली की त्यांच्यात जे संचारतं त्याला फसफशीचाच शब्द वापरला, 'सामूहिक एफरव्हेसन्स'. त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे विधी अभ्यासले, तेही पॅरिसमध्ये बसून. गाडीभाडं खर्चून आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला आला असता तर काम लवकर झालं असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडाचे नंदी घेऊन निघतात. काही नंदी पोरांच्या हातात मावतात, आणि काहींच्या पायांना चाकं लावून दहा-बारा मोठ्यांना ओढावे लागतात, कारण मागच्या वर्षी शेजारच्याचा नंदी थोडा उंच होता. लेकरू सजून पुढे असतं, घामाघूम बाप मागे. उत्साह कोणाचा चालला आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. (गावाच्या नावात सिंदी आहे आणि विदर्भात सिंदी कशाला म्हणतात, हे दारूबंद जिल्ह्यात राहून मी लिहिणार नाही.)

एवढं करून शब्द मिळेना. आणि मग तो मिळाला, तोही कोशात नाही, बजाज चौकाकडच्या रस्त्यावर. एक जण बाटली तोंडाला लावून खाली घेत म्हणाला, "याच्यात दम नाही बा."

मी थबकलोच. दम! सोड्यात दम असतो. भाषणात दम असतो. पोरात दम असतो. भाची जे मागत होती ते हेच. बुडबुड्यांनाही चालतो, तरुणाईलाही. हा शब्द फारसीतून आला, अर्थ श्वास. म्हणजे मुळात वायूच. भांड्याचं तोंड कणकेने बंद करून आतली वाफ आतच कोंडायची, त्याला दम देणं म्हणतात. सोड्याच्या बाटलीत याहून वेगळं काय होतं?

पण थोडं खोलात गेलो आणि वर्धा जिल्हा आडवा आला. संस्कृतातही 'दम' आहे, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा, इंद्रियांना आवर घालणं. शम-दमातला दम. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत तो सुरुवातीलाच बसला आहे. विनोबांनी गीतेची 'गीताई' केली, आणि गोपुरीत गीताई मंदिर आहे, तिथे छप्पर नाही, मूर्ती नाही, उभ्या दगडी शिळांवर श्लोक कोरलेले आहेत. म्हणजे माझ्या घरापासून एका दिशेला गेलो तर दम म्हणजे संयम, दुसऱ्या दिशेला गेलो तर दम म्हणजे झटका, आणि दोन्ही ठिकाणी सायकलवर जाता जाता मला लागतो तो तिसराच दम. मराठीने दोघांनाही एकाच खोलीत ठेवलं आणि कोणाला कोणाची ओळख करून दिली नाही. वर 'दमणे' म्हणजे थकणे. म्हणजे दमदार माणूस दमला तर त्याने दम खावा, आणि नाही खाल्ला तर बायकोने दम द्यावा.

उत्साहाने भाचीला फोन केला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान आहे मामा, पण दम म्हटलं की लोकांना बिर्याणी आठवते." शेवटी त्यांनी इंग्रजी शब्दच देवनागरीत छापला. पोस्टर मी पाहिलं. त्यावरचा मुलगा हवेत उडी मारताना दाखवला आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात असं कोणी उडी मारत नाही. मारली तर खाली येईपर्यंत सुकतो.

त्या दिवशी मात्र फोन ठेवून मी पुन्हा त्या हातगाडीवर गेलो. भरदुपार, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं. बाटली घेतली, गोटी दाबली, आवाज निघाला तो अगदीच मिळमिळीत.

"भाऊ, दम नाही याच्यात."

सोडेवाल्याने बाटली हातातून घेतली, उन्हाकडे धरून पाहिली, खाली ठेवली आणि मशीनचा दांडा फिरवत म्हणाला,

"दम धरा ना भाऊ. भरून रायलो."